चिलखत, मुखवटे आणि मार्क

ग्रीक-लॅटिन किंवा पुरातत्त्व शिकणारे विद्यार्थी हल्ली निबंधाऐवजी मातीचं भांडं, नाटकाचा मुखवटा किंवा एखाद्या मंदिराचं थ्रीडी मॉडेल जमा करतात. मग कुणीतरी म्हणतंच, "विद्यापीठात आता हस्तकलेचा तास सुरू झाला." टोमणा चटकदार आहे, पण इतिहास त्याला साथ देत नाही.

19व्या शतकात इंग्लंडमधल्या विद्यापीठांत ग्रीक-लॅटिनचा हुशार विद्यार्थी ओळखला जायचा तो पद्यरचनेवरून. इंग्रजी कविता घ्यायची आणि ती ग्रीक वृत्तात बसवायची. केंब्रिजचं पोर्सन पारितोषिक अशाच रचनेसाठी होतं. मात्रा चुकली की ओळ पडलीच. आज या प्रकाराला घोकंपट्टी म्हणून नाक मुरडतात, पण प्राचीन भाषेत स्वतः काहीतरी घडवणं, याहून वेगळं ते काय होतं?

नाटकंही जुनीच. ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी 1880 मध्ये 'अगामेम्नॉन' हे प्राचीन नाटक मूळ ग्रीकमध्ये उभं केलं, 1881 मध्ये हार्वर्डने 'ईडिपस' आणि 1882 मध्ये केंब्रिजने 'एजॅक्स'. कोरसने, म्हणजे नाटकातल्या गाणाऱ्या समूहाने, नुसतं उभं राहायचं की नाचायचं, हा प्रश्न पुस्तक वाचताना टाळता येतो, तालमीत येत नाही.

पुरातत्त्वाच्या बाजूला सुरुवात झाली प्लास्टरच्या प्रतिकृतींपासून. जर्मनीतल्या गॉटिंगेनमध्ये हायने या ग्रीक-लॅटिनच्या अभ्यासकाने 1767 पासून असा संग्रह जमवायला घेतला. केंब्रिजचं अशा प्रतिकृतींचं संग्रहालय 1884 मध्ये उघडलं. तिथे बघणं होतं, करणं फारसं नव्हतं. पण 1975 मध्ये याच केंब्रिजमध्ये अथेन्सच्या अक्रोपोलिसवरच्या 'पेप्लोस कोरे' या पुतळ्याची एक प्रतिकृती झगझगीत रंगांत रंगवली गेली. ग्रीक पुतळे रंगीत असायचे हे अभ्यासकांना माहीत होतंच. पण ब्रश हातात घेतला की नेमका कुठला रंग, कुठवर, याचा निर्णय करावा लागतो. पुढे त्या मूळ पुतळ्याच्या पोशाखाबद्दलच नवं मत पुढे आलं आणि 1975 चे निर्णय वादात सापडले. माझ्या मते त्या प्रतिकृतीचं खरं मोल इथेच आहे. तिने एक बाजू घेतली, म्हणून तिला खोडता आलं.

पुरातत्त्वात प्रयोगाला शिस्त आली ती 1960 च्या सुमारास. इंग्लंडमधल्या ओव्हरटन डाउन या माळावर 1960 मध्ये बांध आणि खंदक मुद्दाम खोदले गेले. बांधात कापड, कातडं, लाकूड, हाडं पुरली आणि त्यांचं काय होतं ते बघायला 1, 2, 4, 8 वर्षं अशा दुपटीच्या टप्प्यांनी तो छेदून पाहायचं ठरलं. मूळ आखणीच इतकी लांबची, की सुरू करणाऱ्यांना शेवट दिसणार नव्हता. 1964 मध्ये डेन्मार्कात लायरे इथे आणि 1972 मध्ये पुरातत्त्वज्ञ पीटर रेनॉल्ड्सच्या पुढाकाराने इंग्लंडमध्ये बटसर इथे लोहयुगातली घरं आणि शेती प्रत्यक्ष करून पाहणं सुरू झालं.

वर्गातला प्रकल्प थेट संशोधन होऊन बसल्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-ग्रीन बे विद्यापीठातलं. इतिहासाचे प्राध्यापक ग्रेगरी ऑल्ड्रेट यांच्या एका विद्यार्थ्याने लिननचं चिलखत बनवलं, तसं इटलीतल्या पॉम्पेईच्या मोझेकमध्ये, म्हणजे रंगीत खड्यांच्या चित्रात, अलेक्झांडरच्या अंगावर दिसतं. अशा चिलखताचा अख्खा नमुना कुठेच उरलेला नाही. म्हणून मग कापडाचे थर सशाच्या कातडीपासून केलेल्या सरसाने चिकटवून तुकडे तयार झाले आणि त्यांच्यावर बाण मारून पाहिले गेले. गंमत झाली ती कापताना. पंधराएक थरांचा वाळलेला पत्रा कात्रीला दाद देईना. शेवटी धातू कापायचं पातं लावलेली विजेची करवत आणावी लागली. प्राचीन कारागिराकडे तसली करवत नव्हती, म्हणजे तुकडे आधी बेतून मग चिकटवत असणार. हे कुठल्याही ग्रंथात लिहिलेलं नाही. सगळं काम 2013 मध्ये पुस्तकरूपात आलं, आणि आक्षेपही आले. थर चिकटवतच असत याला पुरावा काय? शिवलेले का नसतील? आक्षेप वजनदार आहे. करून पाहिल्याने 'असं होऊ शकतं' इतकंच सिद्ध होतं, 'असंच होतं' हे नाही.

हातात काहीच न घेताही हे जमतं. 1990 च्या दशकात न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात इतिहासाचे प्राध्यापक मार्क कार्न्स यांनी भूमिका घेऊन शिकण्याची पद्धत रुजवली. तिच्यातला एक खेळ इसवीसनपूर्व 403 च्या अथेन्समधला. स्पार्टाशी युद्ध हरलंय, तीस जुलमी राज्यकर्ते नुकतेच हटलेत, विद्यार्थी गटागटांनी सभेत भाषणं करतात, मतं फिरवतात, सॉक्रेटिसचं काय करायचं ते ठरवतात. प्राध्यापक मागे बसतात.

मार्क कसे द्यायचे, हा प्रश्न मात्र नवा आहे. पद्यात चूक मोजता यायची. मुखवट्यात काय मोजणार? ज्याचा हात चांगला किंवा खिसा गरम, तो पुढे जाणार, ही भीती खोटी नाही. त्यामुळे अनेक ठिकाणी वस्तूसोबत टिपण मागतात: पुरावा कुठला वापरला, कुठे अंदाज केला, कुठे आधुनिक साहित्य घेतलं आणि का. बरेचसे गुण त्या टिपणालाच असतात. 2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि घरून लिहून आणलेल्या निबंधावरचा विश्वास डळमळला. त्यामुळेही या प्रकल्पांकडे वळणारे वाढले असावेत. पण टिपणही यंत्राकडून लिहून घेता येतंच. तेव्हा मुखवटा टेबलावर ठेवून समोरासमोर दोन प्रश्न विचारणं, म्हणजे जुनी तोंडी परीक्षाच, पुन्हा कामाची ठरते.