पार्श्वभूमी : शेजाऱ्यांवरचे छोटे ब्रिटिश चित्रपट आणि दीड कोटी पौंडांची रेघ

एकटा राहणारा माणूस, भिंतीपलीकडचा शेजारी आणि कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या पालिकेचा, फ्लॅट. ब्रिटनच्या छोट्या बजेटच्या चित्रपटांत हा ऐवज पुन्हा पुन्हा येतो. त्याची मुळे तिथल्या घरबांधणीत आहेत, आणि त्याहून जास्त चित्रपटाला मिळणाऱ्या पैशात.

घरांचे आधी. इमारत जितकी उंच तितके दर फ्लॅटमागे सरकारी अनुदान जास्त, अशी तजवीज १९५६ च्या कायद्याने केली. जुन्या वस्त्या पाडून मनोरे उभे राहिले. शेफील्डचे पार्क हिल (१९६१) बांधताना वास्तुकारांनी शेजार जपायचा प्रयत्न केला. आपल्या चाळीच्या गॅलरीसारख्या, पण दुधाची गाडी जाईल एवढ्या रुंद गॅलऱ्या काढल्या, त्यांना पाडलेल्या गल्ल्यांची नावे दिली. बाकी बहुतेक ठिकाणी एवढा विचार झाला नाही. मे १९६८ मध्ये पूर्व लंडनमधल्या रोनन पॉइंट या २२ मजली नव्या इमारतीत गॅसचा स्फोट होऊन एक अख्खा कोपरा कोसळला, ४ माणसे गेली आणि मनोऱ्यांवरचा लोकांचा विश्वास उडाला. १९८० मध्ये भाडेकरूंना कौन्सिलचे घर विकत घ्यायचा हक्क मिळाला. पुढे एकाच मजल्यावर मालक, कौन्सिलचा भाडेकरू आणि सहा महिन्यांच्या करारावर आलेला तिसराच कोणी अशी सरमिसळ झाली. शेजारी एकमेकांना ओळखत नाहीत ही कथावस्तू तिथून आली.

एकटेपणा सरकारी विषय झाला तो अलीकडे. जानेवारी २०१८ मध्ये त्यासाठी मंत्री नेमला गेला, ऑक्टोबरमध्ये धोरण आले. २०२० च्या लॉकडाउनने उरलेले काम केले.

फ्लॅटमध्ये शूटिंग स्वस्त पडते, सोपे मात्र नसते. समोरासमोरचे दोन फ्लॅट दाखवायचे असले तरी प्रत्यक्षात बहुधा एकच घेतात आणि सामान, पडदे, भिंतीचा रंग बदलून दुसरा उभा करतात. त्यासाठी आधी एका घरातले सगळे प्रसंग संपवावे लागतात. मागचा एखादा प्रसंग पुन्हा घ्यायची वेळ आली तर सजावटीचा एक दिवस फुकट जातो. खरी कसोटी आवाजाची. भिंतीतून खर्ज आरपार येतो, चढे स्वर अडतात. त्यामुळे शेजारचा टीव्ही नुसता हळू करून भागत नाही, त्यातले चढे स्वर कापावे लागतात. तो सेटवरच चालू ठेवून संवाद घेतले तर एडिटिंगमध्ये दर कटला आवाज तुटतो. म्हणून भिंतीपलीकडचे सगळे आवाज नंतर घालतात आणि दर खोलीची मोकळी शांतता अर्धा-एक मिनिट वेगळी रेकॉर्ड करून ठेवतात.

आता पैसा. तिकिटांवरच्या आकारातून निर्मात्यांना वाटा देणारी पद्धत १९५७ मध्ये सक्तीची झाली आणि १९८५ मध्ये बंद पडली. तोवर, १९८२ मध्ये, नवी चौथी दूरचित्रवाहिनी सुरू झाली होती. तिने आणि बीबीसी या सार्वजनिक प्रसारकाने पुढची कित्येक वर्षे छोट्या चित्रपटाला जगवले. नव्वदच्या दशकात लॉटरीचा पैसा आला. तो वाटणारी परिषद २०१० च्या जुलैत एका घोषणेने गुंडाळली गेली आणि काम जुन्या राष्ट्रीय चित्रपट संस्थेकडे गेले.

आताचा प्रश्न आहे तो मार्च २०२४ च्या अर्थसंकल्पातल्या निर्णयाचा. स्वतंत्र चित्रपटाला ५३ टक्के करपरतावा जाहीर झाला. इतर बहुतेक चित्रपटांना ३४ टक्केच. १ एप्रिल २०२४ पासून शूटिंग सुरू झालेले चित्रपट त्यात बसतात, दावे १ एप्रिल २०२५ पासून. लेखक किंवा दिग्दर्शक ब्रिटनचा हवा, नाहीतर चित्रपट अधिकृत सहनिर्मिती हवा (भारताशी असा करार २००५ मध्येच झाला आहे). चित्रपटगृहात दाखवायचा इरादा हवा. शिवाय, सहनिर्मिती नसेल तर, ‘ब्रिटिश’ ठरायला ३५ पैकी १८ गुण लागतात. कथा ब्रिटनमध्ये घडते ४, मुख्य पात्रे ब्रिटिश ४, विषय ब्रिटिश ४, इंग्रजी संवाद ६. शेजाऱ्यांची गोष्ट एवढ्यावरच पास होते.

हिशेब असा. मूळ खर्च, म्हणजे चित्रपट प्रत्यक्ष बनवण्याचा खर्च, १० लाख पौंड, सगळा ब्रिटनमध्ये. त्यातले ८० टक्के, म्हणजे ८ लाख, धरले जातात. त्यावर ५३ टक्क्यांनी ४ लाख २४ हजार. हा परतावा करपात्र असल्याने २५ टक्के कर वजा जाऊन हातात ३ लाख १८ हजार. ३४ टक्क्यांच्या दराने २ लाख ४ हजारच आले असते. फरक मोठा आहे आणि स्वागतार्ह आहे.

अडते ते मर्यादेपाशी. पहिल्या दीड कोटी पौंडांच्या खर्चावर ही सवलत पूर्ण मिळते आणि २ कोटी ३५ लाखांपर्यंतचा चित्रपट पात्र ठरतो. १९९७ च्या करसवलतीतही छोट्या चित्रपटाची रेघ दीड कोटीवरच होती; ती पुढे करबुडव्या योजनांनी पोखरली आणि २००७ मध्ये नवी पद्धत आली. दीड कोटीत तारे येतात, परदेशी विक्री होते. दोन पात्रांचा, दहा लाखांतला चित्रपट त्याच रांगेत उभा राहतो. टक्केवारी दोघांना सारखीच, पण परतावा खर्चानंतर येतो. मोठा निर्माता त्यावर बँकेकडून आगाऊ उचल घेतो. छोट्याला व्याज आणि वकिलाची फी यांतच त्यातला बराच भाग गमवावा लागतो. पटकथा तयार होण्याचा काळ आणि वितरणाचा खर्च मूळ खर्चात धरलेच जात नाहीत, आणि असा चित्रपट नेमका याच दोन टोकांना अडतो. दहा लाखांखाली वेगळी, आगाऊ मिळणारी मदत हवी होती.

वितरणाचा मुद्दा एप्रिल २०२५ मध्ये संसदीय समितीने उचलला. या सवलतीत बसणाऱ्या चित्रपटांच्या प्रती आणि जाहिरात यांच्या खर्चावर २५ टक्के करसवलत द्यावी, अशी शिफारस तिने केली. पटकथेच्या काळाचा खर्च अजून सवलतीबाहेरच आहे.