पार्श्वभूमी : 'वस्तुनिष्ठ' या शब्दाने घातलेला घोळ

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगमधली क्लास आणि ऑब्जेक्ट ही जोडी मुळात १९६७च्या सिम्युला या कॉम्प्युटरच्या भाषेतली. सत्तरच्या दशकात स्मॉलटॉक या भाषेने ती रुजवली, १९७९मध्ये सी भाषेवर क्लासचं कलम झालं आणि १९८३मध्ये त्याला सी प्लस प्लस हे नाव मिळालं. दर्यापूर, दारव्हा, आर्वीकडच्या पोट्ट्यांचा या विषयाशी संबंध येतो तो बहुधा इथून.

अडखळायला होतं ते मात्र आधी शब्दांपाशी. ऑब्जेक्ट ओरिएंटेडला मराठीत कुणी वस्तुनिष्ठ म्हणतं. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलाने हा शब्द पाहिलेला असतो प्रश्नपत्रिकेत : वस्तुनिष्ठ प्रश्न, म्हणजे योग्य पर्याय निवडा. क्लास म्हटलं की संध्याकाळची शिकवणी. मग शिकवणारे साचा आणि विटेचं उदाहरण देतात. मला ते अपुरं वाटतं. साच्यातून निघालेल्या विटा एकसारख्या, आणि त्या स्वतः काही करत नाहीत. त्यापेक्षा कापसाच्या काट्यावरचं पावतीबुक घ्यावं. नाव, वजन, भाव असे रकाने छापलेला कोरा नमुना, तो क्लास. तुमच्या नावाने पावती फाडली, त्यावर सव्वाअकरा क्विंटल लिहिलं, की झाला ऑब्जेक्ट. शेजाऱ्याची पावती त्याच नमुन्याची, पण तिच्यावरचं वजन खोडून बदललं तरी तुमच्या पावतीला धक्का लागत नाही. वजन गुणिले भाव हा हिशेब ज्या त्या पावतीवरच्या आकड्यांवर चालतो, ती मेथड.

दुसरी अडचण कंपायलरची, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम मशीनला कळेल असा करून देणाऱ्या सॉफ्टवेअरची. निळ्या पडद्याचा टर्बो सी प्लस प्लस १९९०चा. जुन्या मशीनवर, इंटरनेटशिवाय चालायचा, म्हणून प्रयोगशाळांत टिकला. त्या काळी ते योग्यच होतं. पण १९९८मध्ये भाषेचं प्रमाणीकरण झालं आणि प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत मागवायच्या आयओस्ट्रीम या फाइलच्या नावापुढचं डॉट एच गेलं. आता जुन्या वहीतला प्रोग्राम मोबाइलवरच्या नव्या कंपायलरमध्ये उतरवला, तर पहिल्याच ओळीला फाइल सापडत नाही म्हणून एरर येतो, आणि पोरीला वाटतं आपलंच काही चुकलं. टर्बो सोडायला अभ्यासक्रमाने इतकी वर्षं वाट पाहायला नको होती.

१९९५मध्ये आलेल्या जावा या भाषेने वेगळं ओझं दिलं. एक ओळ छापायची तरी आधी क्लास, मग पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन. अर्थ कळण्याआधीच चारही शब्द पाठ करायचे. सप्टेंबर २०२५च्या जावा २५पासून ती सक्ती उठली. छोटा प्रोग्राम नुसत्या व्हॉइड मेनने सुरू होतो. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर जुनी आवृत्ती असेल, तर मात्र चारही शब्द लिहावेच लागतात.