होलोग्राफी आणि सुधारित गुरुत्वाकर्षणातील कृष्णविवरे

आइन्स्टाइनच्या गुरुत्वसिद्धांतात वक्रतेची वरच्या घातांची पदे मिळवली तर कृष्णविवर कसे बदलते, हे एक मिती कमी असलेल्या, गुरुत्वाकर्षण नसलेल्या पुंजव्यवस्थेवरून (क्वांटम नियमांनी चालणाऱ्या व्यवस्थेवरून) ओळखण्याची अभ्यासपद्धती.

कृष्णविवराची एंट्रॉपी (अव्यवस्थेचे माप) घनफळावर नव्हे, क्षितिजाच्या, म्हणजे जिथून परतणे अशक्य होते त्या सीमेच्या, क्षेत्रफळावर ठरते, हे बेकेनस्टाइन आणि हॉकिंग यांनी १९७०च्या दशकात दाखवले. त्यातून ट हूफ्ट आणि ससकिंड यांनी होलोग्राफीची, म्हणजे आतली सगळी माहिती सीमेवर मावते अशी, कल्पना मांडली. १९९७ साली माल्दासेना यांनी तिला नेमके रूप दिले: ऋण वक्रतेच्या अवकाशातील गुरुत्वाकर्षण आणि त्याच्या सीमेवरील पुंजसिद्धांत एकच आहेत. आतले कृष्णविवर म्हणजे सीमेवरचा तितक्याच तापमानाचा द्रव.

या द्रवाच्या श्यानतेचा (घट्टपणाचा, वाहण्याला होणाऱ्या विरोधाचा) प्रश्न सर्वांत बोलका आहे. कोव्हटुन, सॉन आणि स्टारिनेट्स यांनी २००५ मध्ये असा अंदाज बांधला, की श्यानता आणि एंट्रॉपी-घनता यांचे गुणोत्तर, नैसर्गिक एककांत, १/४π पेक्षा कोणत्याच द्रवात खाली जात नाही. पाण्याचे गुणोत्तर याहून पुष्कळ मोठे. क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त अवस्थेत अणुकेंद्रातले कण वितळून होणारा द्रव, मात्र या मर्यादेजवळ येतो. २००८ मध्ये पाच मितींत गाउस-बॉने पद (वक्रतेच्या वर्गाचे एक पद) मिळवून पाहिले, तेव्हा गुणोत्तराला (१ − ४ लॅम्डा) ने गुणावे लागले. लॅम्डा म्हणजे त्या पदाचे बळ. लॅम्डा धन असला की मर्यादा मोडते. विशेष म्हणजे सपाट क्षितिजाची एंट्रॉपी तेव्हाही क्षेत्रफळाच्या जुन्या नियमानेच मिळते. बदल फक्त द्रवाच्या वाहण्यात दिसतो. लॅम्डा ०.०९ च्या पुढे नेला तर सीमेवर प्रकाशाहून वेगवान संदेश शक्य होतात. म्हणून गुणोत्तर जुन्या मर्यादेच्या १६/२५ पर्यंतच उतरू शकते. गुरुत्वाकर्षण किती बदलता येईल, हे इथे द्रवानेच ठरवले. या पद्धतीचे खरे मोल यातच आहे.

आपल्या विश्वाची वक्रता मात्र अशी ऋण नाही, त्यामुळे हे निष्कर्ष आकाशातल्या कृष्णविवरांना सरळ लावता येत नाहीत.

गुरुत्वाकर्षण आणि विश्वरचनाशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद डिसेंबर २०११ मध्ये गोव्यात भरली होती. पण गोमंतकीय वाचकाला या क्षेत्रात आपला माणूस भेटतो तो भूमितीच्या वाटेने. गोव्यातील कोसबें येथे १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी इतिहासकार म्हणून घरोघरी माहीत आहेत. मार्गांच्या भूमितीवरचे त्यांचे १९३३चे काम तितके माहीत नाही. कोसंबी-कार्तां-चर्न सिद्धांत तिथून वाढला. तो होलोग्राफीचा भाग नव्हे, पण कृष्णविवराभोवतीच्या कक्षा किती स्थिर आहेत, हे तपासायला तो आज वापरला जातो.