हिमनदीवरची दगडांची गोधडी

मे महिन्यात कोल्हापूरहून आम्ही काहीजण गोमुखला, म्हणजे गंगोत्री हिमनदीच्या खालच्या टोकाशी गेलो. गंगोत्रीपासून सुमारे 18 किलोमीटरची चाल. चीरबासा, भोजबासा मागे टाकून 4000 मीटरच्या आसपास पोचलो, तेव्हा सोबतचे एक काका म्हणाले, "ही तर दगडांची खाण की हो! बर्फ संपला सगळा." परत आल्यावर ते गल्लीतही हेच सांगत होते, म्हणून लिहायला बसलो.

बर्फ संपलेला नाही, तो दगडांखाली आहे. साधारण 30 किलोमीटर लांबीच्या या हिमनदीवर दोन्ही अंगांच्या कड्यांवरून दगडमाती कोसळत राहते. खालच्या टोकाला बर्फ वितळतो आणि ती वरच साचते.

आपला रसवंतीवाला बर्फाची लादी भुशात, गोणपाटात गुंडाळून ठेवतो, तेच इथे दगड करतात. पण त्याच लादीवर नुसती चिमूटभर राख भुरभुरून उन्हात ठेवून बघा. राखेखालचा बर्फ आधी खचेल. ताजा हिम 80 टक्क्यांहून जास्त प्रकाश परतवतो, काळी राख तो शोषते आणि ऊब लगेच बर्फाला देते. हिमनदीवरही दोनेक सेंटिमीटरपर्यंतची धूळ वितळणं वाढवते. थर त्याहून बराच जाड झाला की गणित उलटतं. दुपारी माथ्यावरचा दगड चांगला तापलेला असतो, पण ती ऊब वीतभर खाली झिरपेपर्यंत संध्याकाळ होते, माथा गार पडतो आणि अर्धी ऊब आल्या वाटेने वर परतते. खाली पोचते तीही थोडकी, आणि 1 ग्रॅम बर्फाचं पाणी करायला 80 कॅलरी लागतात! तेवढ्या उष्णतेत 1 ग्रॅम पाणी शून्यापासून 80 अंशांपर्यंत तापतं.

तरीही ही हिमनदी मागे हटते आहे, पातळ होते आहे. दगडांमधून उघड्या पडलेल्या बर्फाच्या भिंती आणि तळी तिला पोखरतात. मात्र 'हिमालयातल्या हिमनद्या 2035 पर्यंत नाहीशा होणार' हा मेसेज अजून फिरतो, तो पुढे पाठवू नका. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या समितीच्या 2007 च्या अहवालातली ती चूक होती आणि 2010 मध्ये त्यांनीच ती मान्य केली. हिमनद्या घटताहेत हे मोजून कळलेलं आहे, त्यासाठी खोटी तारीख कशाला हवी?

बर्फ जिथे उघडा असतो, तिथे एखादा मोठा धोंडा छत्रीसारखा खालच्या बर्फाला सावली धरतो. आजूबाजूचा बर्फ खाली जातो आणि धोंडा बर्फाच्या खांबावर टेबलासारखा उभा राहतो. ऊन दक्षिणेकडून, म्हणून खांब त्या बाजूने झिजतो, टेबल तिकडे कलतं आणि एक दिवस धोंडा घसरून बाजूला पडतो. तिथे तो पुन्हा सावली धरून बसतो.