वायफाय चालू असलं की ब्लूटूथ अटकते? हा कागद वाचून घ्या

आमच्याकडून फायबरचं कनेक्शन, राउटर, कॅमेरा नाहीतर स्पीकर नेलेल्या सगळ्यांसाठी हा कागद आहे, कपाटावर ठेवून द्या, कधी ना कधी कामी पडते. लग्नसराई लागली की दुकानात एकच तक्रार जास्त येते, स्पीकर अटकून अटकून वाजते, बड्समधला आवाज मधातच जाते, अन् बरेच जण खोक्यासकट वस्तू घेऊन उभे राहतात की "भाऊ, हे डबडं निघालं, बदलून द्या." वॉरंटीत असेल तर बदलून देऊच, त्याची काही चिंता नाही. पण बहुतेक वेळा वस्तू चांगलीच राहते, खटका घरातल्या वायफायचा अन् ब्लूटूथचा आपसात राहते.

काहून होते ते पहिले समजून घ्या. ब्लूटूथ चालते २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, अन् साधं वायफाय, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवालं, तेही त्याच पट्ट्यात. हा पट्टा बिनलायसनचा आहे म्हणून वायरलेस माऊस, टीव्हीचं बोलून चालणारं रिमोट, मायक्रोवेव्हची गळती, सगळ्यांची तिथेच गर्दी. आता रस्ता एकच, अन् त्यावर वायफाय म्हणजे कापसानं दोन्ही बाजूनं फुगलेली गाडी अन् ब्लूटूथ म्हणजे तिच्या बाजूनं खड्डे चुकवत निघणारी लुना. ब्लूटूथवर गाणं चालू असते तेव्हा ते सेकंदाला १६०० वेळा जागा बदलू शकते, पट्ट्यात अशा ७९ जागा राहतात, अन् २००३ साली ब्लूटूथचं १.२ व्हर्जन आलं तेव्हापासून जिथे वायफायची गर्दी दिसते ती जागा ते स्वतःच सोडून देते. म्हणजे हुशारी त्याच्यात आहे, फक्त निघायला जागा पाहिजे.

ताकदीचाही फरक लय आहे. स्पीकर-बड्ससारख्या वस्तूचं ब्लूटूथ साधारण अडीच मिलीवॅटचं, राउटर शंभरेक मिलीवॅटपर्यंत फेकते. म्हणून राउटर अन् साउंडबार एकाच टीव्हीच्या फळीवर चिकटवून ठेवले तर साउंडबारला मोबाईलचा आवाज नीट ऐकूच येत नाही, तीन-चार फूट तरी लांब करा. नेहमीचं चित्र असं राहते की टीव्हीच्या मागे राउटर, त्याला टेकून सेटटॉप बॉक्स, खाली इन्व्हर्टर, बाजूला लोखंडी कपाट, अन् उन्हाळ्यात खिडकीत पाण्यानं भरलेला कूलर. कूलर टिनाचा असला तर टिनाच्या आड सिग्नल जात नाही, अन् भरलेली टाकी अन् ओली खस तर २.४ ची लाट पिऊनच घेते. आपल्या अंगातही पाणीच आहे, म्हणून मोबाईल मागच्या खिशात अन् बड कानात असला की वावरात मोकळ्या जागीही आवाज तुटू शकते, मोबाईल वरच्या खिशात ठेवून पाहा. त्यामुळे आमचं म्हणणं, सेटिंगच्या आधी जागा बदला. राउटर छातीच्या उंचीवर, घराच्या मधात, कूलर-कपाट-टिनाची कोठी यांच्या आड नाही असा. वायर थोडी जास्त लागली तर लागू द्या.

दुसरं काम बँडचं, म्हणजे पट्ट्याचं. तुमचा राउटर दोन बँडवाला असला (आमच्याकडचे नवे सगळे दोन बँडचेच आहेत) तर त्यात ५ गिगाहर्ट्झही भेटते, अन् तिथे ब्लूटूथ येतच नाही, म्हणजे भांडणच मिटलं. टीव्ही, लॅपटॉप अन् ज्या मोबाईलवर तुम्ही ब्लूटूथ लावता तो मोबाईल ५ वर टाका. मोबाईल ५ वर असणं लय कामाचं आहे, कारण बऱ्याच मोबाईलमध्ये वायफाय अन् ब्लूटूथची चिप एकच राहते, अँटेनाही एकच, २.४ वर दोघं आळीपाळीनं ती वापरतात, मग व्हिडिओ चालू करून बड्स लावले की नेट पण स्लो अन् आवाज पण अटकलेला, अन् शिव्या खाते राउटर. दोन्ही बँडचं नाव एकच ठेवलेलं असलं तर मोबाईल आपल्या मनानं कुठेही चिकटते, म्हणून नावं वेगळी करून घ्या. एक लक्षात ठेवा, ५ ची लाट भिंतीत लवकर दम सोडते. जुन्या मातीच्या भिंतीचा वाडा असला तर सपरीत बसून ५ भेटेलच असं नाही, तिथे २.४ च वापरावं लागते.

गोठ्यातला कॅमेरा ही आपल्याकडची खास गोष्ट. स्वस्तातले वायफाय कॅमेरे बहुतेक २.४ वरच चालतात, अन् ऑनलाइन रेकॉर्डिंग लावलं असलं तर रात्रंदिवस काही ना काही पाठवत राहतात. त्यांना २.४ वरच राहू द्या, बाकीचं सामान ५ वर सरकवा. (कॅमेरा पहिल्यांदा जोडताना मोबाईलही २.४ वरच ठेवा, नाहीतर ॲप घंटाभर शोधत बसते अन् कॅमेरा सापडत नाही.) गोठा लांब असला तर रिपीटर घेऊ नका, तो तोच माल ऐकून वापस ओरडते, गर्दी अजून वाढते. लॅनची वायर शंभर मीटरपर्यंत चालते, ती ओढून तिकडे दुसरा राउटर बसवा. विजा कडाडायला लागल्या की दोन्हीकडची वायर काढून ठेवायची तेवढी.

राउटरमधली सेटिंग शेवटी. २.४ मध्ये चॅनल विड्थ (वायफाय पट्ट्यात किती रुंद जागा धरते ते) २० मेगाहर्ट्झ करा, ऑटो नाही अन् ४० तर नाहीच. ४० केलं की वायफाय अर्धा पट्टा खाऊन टाकते. चॅनल १, ६ नाहीतर ११ यातला एक पक्का ठेवा, कारण ऑटोवर असला की लाईन जाऊन आल्यावर राउटर कधी कधी वेगळाच चॅनल धरून बसते, अन् काल चांगलं चालणारं आज काहून अटकते ते समजत नाही. पण खेड्यात शेजाऱ्याचं वायफाय मोजून एखाद-दुसरं, तिथे चॅनलच्या मागे फार लागू नका. तालुक्याच्या ठिकाणी, दुकानाला दुकान लागून आहे, तिथे फरक पडते.

किराणा दुकानवाल्यांनी बिलाचा ब्लूटूथ प्रिंटर राउटरच्या डोक्यावर ठेवू नये. लॅपटॉपला यूएसबी ३ ची हार्डडिस्क लावल्यावर बाजूचा माऊस उड्या मारायला लागला तर व्हायरस नाही, त्या पोर्टचा अन् केबलचा गोंगाट २.४ मध्ये येते, माऊसचा डोंगल (पोर्टात खोसतो तो छोटा तुकडा) दुसऱ्या बाजूला नाहीतर छोट्या एक्स्टेंशन वायरवर लावा. मोबाईलचं हॉटस्पॉट देऊन त्याच मोबाईलवर स्पीकर वाजवत असाल तर हॉटस्पॉटही ५ वर करा. अन् कॉलवर बोलताना बड्सचा आवाज एकदम चपटा होते, तो वायफायचा दोष नाही. माईक चालू झाला की ब्लूटूथ वेगळ्या मोडमध्ये जाते.

दुकानात यायच्या आधी घरीच एक टेस्ट करा. मोबाईलमध्ये सेव्ह असलेलं गाणं लावा, मोबाईलचं वायफाय बंद करा, अन् राउटरपासून दुसऱ्या खोलीत जाऊन ऐका. साफ वाजलं तर वरचे उपाय करा. तरीही तुटलं तर पेअरिंग मिटवून नव्यानं जोडा, घरातल्या दुसऱ्या कोणाचा मोबाईल त्याच स्पीकरला जोडलेला नाही ना तेही पाहा, बऱ्याचदा पुतण्याचाच निघते. इतकं करूनही जमलं नाही तर वस्तू, बिल अन् राउटरच्या खालच्या स्टिकरचा फोटो घेऊन या. सेटिंग फोनवरही सांगतो, पण घरी लाईन असेल तेव्हाच फोन करा अन् राउटरच्या जवळ बसून करा.