अंग आंबतं, पण आम्लाने नव्हे

सिंहगड चढताना छाती फुलते, पण दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या धरतात त्या गड उतरल्यामुळे. उतारावर मांडीचा स्नायू लांबत असतानाच अंगाचा भार तोलत असतो. त्यात तंतूंना बारीक इजा होते, मागून सूज येते आणि दुखणं 24 ते 72 तासांत सर्वांत जास्त जाणवतं. स्नायूत सूक्ष्म फाटाफूट होत असावी, हा तर्क 1902 मध्येच बोस्टनमध्ये मांडला गेला होता. तरी पुढची कित्येक दशकं दोष लॅक्टिक ॲसिडच्या माथी बसला.

त्याचं मूळ केंब्रिजमधल्या 1907 च्या प्रयोगांत आहे. बेडकाचा स्नायू थकेपर्यंत राबवला की त्यात हे आम्ल साचतं आणि प्राणवायू मिळाला की ओसरतं, असं तिथे दिसलं. ते थकव्याबद्दल होतं. दोन दिवसांनी उमटणाऱ्या ठणक्यालाही तेच कारण चिकटलं. मराठीत तर या गैरसमजाला आयती जागा मिळाली, कारण आपल्याकडे अंग ‘आंबतं’. आंबणे म्हणजे आंबट होणे, आणि कष्टाने अंग जड होऊन ताठरणेही. हा वाक्प्रचार लॅक्टिक ॲसिडच्या चर्चेतून आलेला नाही. पण ‘ॲसिड साचलंय, चोळून काढू’ हे जिममधलं वाक्य मराठी कानाला चटकन पटतं, ते या शब्दामुळेच, असं मला वाटतं.

1983 मध्ये अमेरिकेत याची सरळ परीक्षा झाली. धावपट्टीच्या यंत्रावर 45 मिनिटं धावायचं, एकदा सपाटीवर, एकदा उतारावर. सपाटीवर रक्तातलं लॅक्टिक ॲसिड वाढलं, पण नंतर पाय दुखले नाहीत. उतारावर ते वाढलं नाही, आणि पाय मात्र चांगलेच दुखले. शिवाय व्यायाम थांबल्यावर तासाभरात हे आम्ल पूर्वपदावर येतं. दुसऱ्या दिवशी मालीशवाल्याने काढून टाकायला ते उरतच नाही.

मग मालीश कशासाठी? व्यायामानंतर सर्वांगाला सुखकर मर्दन करावं, हे आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत आहे. तालमीत मेहनत झाल्यावर पठ्ठे एकमेकांचं अंग रगडतात, तेही कुठल्या आम्लाचा विचार न करता. 2012 मध्ये कॅनडात 11 तरुणांना दमेपर्यंत सायकल मारायला लावून प्रत्येकाच्या एकाच मांडीला 10 मिनिटं मालीश केलं आणि दोन्ही मांड्यांतून स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासले. चोळलेल्या मांडीत दाहाचे संकेत कमी होते. लॅक्टिक ॲसिड मात्र दोन्हीकडे सारखंच.

2020 मध्ये ब्रिटनमध्ये 29 अभ्यास आणि 1,012 जण एकत्र धरून आढावा घेतला गेला. मालीशने ताकद, वेग किंवा दमसास वाढल्याचं त्यात दिसलं नाही. लवचिकता थोडी वाढली, दुखणं थोडं कमी झालं. हे ‘थोडं’ मला महत्त्वाचं वाटतं: ज्याला उद्या पुन्हा बैठका मारायच्या आहेत, त्याला तेवढा उतारही पुरतो. आणि तोच व्यायाम काही दिवसांनी पुन्हा केला की अंग पहिल्याइतकं आंबत नाही, मालीश करा अथवा नका करू.