अर्थसंकल्पीय चर्चा : कोल्हापूर आणि शिक्षणखर्चाचा प्रश्न

शाळा, दवाखाने, पाणी आणि रस्ते यांवर सरकार किती पैसा घालणार, कशाला कात्री लावणार, याचा जाब लोकप्रतिनिधींनी सभागृहात विचारणे म्हणजे अर्थसंकल्पीय चर्चा. महाराष्ट्र विधिमंडळाच्या मार्चमधील अधिवेशनाचा मोठा भाग तिच्यासाठी असतो. कोल्हापूर जिल्ह्यातून विधानसभेवर १० आमदार निवडून जातात. विधान परिषदेच्या पुणे विभागातील शिक्षक आणि पदवीधर या दोन्ही मतदारसंघांतही जिल्ह्याचा समावेश आहे. शिक्षणाच्या पैशावरून सरकारला धारेवर धरण्याची या भागाची परंपरा मात्र आजच्या विधिमंडळापेक्षा जुनी आहे.

तिचा उगम गोपाळ कृष्ण गोखले यांच्यापाशी शोधावा लागतो. गोखल्यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातला, पण शिक्षण कागल आणि कोल्हापुरात झाले. राजाराम कॉलेजातही ते काही काळ शिकले. २६ मार्च १९०२ रोजी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात त्यांनी अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. सरकारी तिजोरीत शिल्लक पडत होती आणि त्याबद्दल सरकार समाधानी होते. दुष्काळाने पिचलेल्या रयतेकडून मिठासारख्या वस्तूवरही कर घेऊन साठलेली ही शिल्लक भरभराटीची खूण कशी, असा त्यांचा सवाल होता. हा पैसा लोकांच्या शिक्षणाकडे वळवा, ही मागणी त्यांनी पुढे वर्षानुवर्षे लावून धरली. १८९२ च्या कायद्याप्रमाणे सभासदांना अर्थसंकल्पावर बोलता येई, मत मात्र देता येत नसे. म्हणजे हाती होते ते फक्त आकडे आणि त्यांचा अभ्यास. तेवढ्या बळावर त्यांनी सरकारला उत्तर देणे भाग पाडले. १९०३ पासून मिठावरचा कर टप्प्याटप्प्याने खाली आला.

१९११ मध्ये गोखल्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सक्ती करायची की नाही हे स्थानिक संस्थांनी ठरवायचे आणि खर्चाचा दोन तृतीयांश वाटा सरकारने उचलायचा, अशी त्यात योजना होती. विरोधाचे मोठे कारण पैसा हेच होते. मार्च १९१२ मध्ये विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले.

ब्रिटिश सरकारला जे परवडत नव्हते ते पाच वर्षांनी कोल्हापूर संस्थानाने करून दाखवले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड ठेवला. या योजनेतील पहिली शाळा मार्च १९१८ मध्ये करवीरमधील चिखली येथे सुरू झाली. येथे प्रश्न विचारणारे सभागृह नव्हते. निर्णय राजाचा होता. पण पैसा नाही म्हणून शिक्षण नाही, हा युक्तिवाद त्याने कायमचा लंगडा केला. जिल्ह्यातील आमदार शिक्षणावर बोलायला उभे राहिले की शाहू महाराजांचे नाव घेतात. त्या नावामागे प्रत्यक्ष खर्च केलेला पैसा आहे, ही गोष्ट तेव्हा विसरली जाऊ नये.

आजची कार्यपद्धती संविधानाच्या अनुच्छेद २०२ ते २०७ वर उभी आहे. सर्वसाधारण चर्चेनंतर खात्यांच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे प्रत्येक खात्याला खर्चासाठी हव्या असलेल्या रकमा, विधानसभेपुढे येतात. विधानसभा मागणी मंजूर करू शकते, नाकारू शकते किंवा तिची रक्कम घटवू शकते. वाढवू शकत नाही. त्यामुळे शाळांना जास्त पैसा द्या असे म्हणायचे असले, तरी आमदाराला हत्यार मिळते ते कपात सूचनेचे, म्हणजे मागणीची रक्कम घटवा असे सुचवण्याचे. संसदीय रिवाजात तिचे तीन प्रकार आहेत : धोरणच अमान्य असेल तर मागणी १ रुपयावर आणा, उधळपट्टी दिसत असेल तर ठरावीक रक्कम कमी करा, आणि एखादी तक्रार वेशीवर टांगायची असेल तर १०० रुपये कमी करा. कपात सूचना मंजूर होणे हा सरकारवरचा अविश्वास मानला जातो, म्हणून बहुतेक सूचना चर्चेनंतर मागे घेतल्या जातात किंवा फेटाळल्या जातात. ठरलेली वेळ संपली की उरलेल्या मागण्या चर्चेविना मताला टाकल्या जातात. एखाद्या वर्षी शिक्षण खात्याची मागणी त्यात सापडली, तर तिच्यावर एक शब्दही न बोलला जाता ती मंजूर होऊ शकते.

विधान परिषदेला मागण्यांवर मतदानाचा अधिकार नाही. शिक्षकांनी निवडून दिलेला आमदार शिक्षणाच्या तरतुदीवर बोलू शकतो, मत देऊ शकत नाही. १९०२ मधील गोखल्यांची स्थिती याहून फार वेगळी नव्हती.

खरी माहिती भाषणांपेक्षा अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत असते. त्यांत प्रत्येक प्रकारच्या खर्चाला एक क्रमांक असतो, त्याला लेखाशीर्ष म्हणतात. लेखाशीर्ष २२०२ म्हणजे सर्वसाधारण शिक्षण, २२१० म्हणजे वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य. प्रत्येक शीर्षासमोर मागचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अंदाज, सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज असे रकाने असतात. बातम्या होतात शेवटच्या रकान्याच्या. जाणता आमदार बोट ठेवतो ते सुधारित अंदाजावर, कारण गेल्या मार्चमध्ये जाहीर केलेल्या रकमेला वर्षभरात कुठे कात्री लागली हे तिथे उघड होते. शिक्षणावरचा बराचसा खर्च पगाराचा असल्याने एकूण आकडा दरवर्षी फुगलेलाच दिसतो. शाळेच्या खडूपासून वीजबिलापर्यंतच्या सादिल खर्चाला काय मिळाले, हे वेगळे विचारावे लागते.

जिल्ह्यातून वारंवार मांडला जाणारा प्रश्न विनाअनुदानित शाळांचा आहे. अशा शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ म्हणून मान्यता असे. त्यातील ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये वगळला गेला आणि पुढे २०, ४०, ६० टक्के असे टप्पा अनुदान आले. टप्पा मंजूर झाल्याचा शासन निर्णय निघतो, पण त्यासाठी तरतूद झाली का, हा वेगळा मुद्दा असतो. त्यापायी पश्चिम महाराष्ट्रातले शिक्षक आझाद मैदानावर जाऊन बसले आहेत.

दुसरा प्रश्न कमी पटाच्या शाळांचा. सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळांऐवजी समूह शाळांचे, म्हणजे अशा अनेक शाळा मिळून एक शाळा करण्याचे, प्रस्ताव मागवले. सपाट, दाट वस्तीच्या शिरोळ तालुक्यात हा बदल एक वेळ निभेल. शाहूवाडी, गगनबावडा, भुदरगड किंवा चंदगडच्या डोंगरात वाडी आणि धनगरवाडा यांच्यामध्ये ओढा असतो, जंगल असते, आणि जून ते सप्टेंबर मुसळधार पाऊस. पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत हवी, असा शिक्षणहक्काचा राज्य नियम आहे. अशा ठिकाणी शाळा बंद करून वाचणारी रक्कम ही बचत नव्हे. तो खर्च मुलांच्या पायांवर टाकलेला असतो.

सार्वजनिक सेवांबाबतही हाच प्रकार घडतो. कोल्हापूर शहरातील रस्ते ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ तत्त्वावर करून खर्च टोलमधून वसूल करायचे ठरले. सरकारी तिजोरीतून रस्ते का नाहीत, या प्रश्नाचे उत्तर सभागृहात मिळाले नाही, तेव्हा तो रस्त्यावर आला. प्रा. एन. डी. पाटील हे कोल्हापूरचे माजी आमदार त्या लढ्याच्या अग्रभागी होते. अखेर टोल रद्द झाला आणि ठेकेदाराच्या भरपाईचा बोजा शासनाने उचलला, म्हणजे जो खर्च आधीच अंदाजपत्रकात दाखवायला हवा होता तो नंतर आलाच.

हीच छाननी स्थानिक पातळीवर जिल्हा परिषद व महापालिकेच्या अंदाजपत्रकीय सभेत होते. विधिमंडळाची पंचायती राज समितीही जिल्हा परिषदांना भेट देऊन जुन्या खर्चाचे कागद तपासते. महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, जिल्हा परिषदेची मार्च २०२२ मध्ये. त्यानंतर निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या. या काळात प्रशासकाने अंदाजपत्रक मांडले आणि प्रशासकानेच ते मंजूर केले. गळक्या वर्गखोलीच्या दुरुस्तीला पैसे का नाहीत, एवढे विचारायला त्या सभागृहांत निवडून आलेला एकही सदस्य नव्हता.